घोडा पडला, बार उडाला नाही

मित्रांनो, आधी दचकू नका. मी रिव्हॉल्व्हर आहे हे खरं, जुना आहे हेही खरं, पण आजवर माझ्यातून एकही गोळी सुटलेली नाही. सुटूच शकत नाही. माझ्या नळीत आतून पोलादी खुंटी ठोकून ती कायमची बंद केलेली आहे. माझा नुसता बार होतो, वरच्या भोकातून धूर निघतो आणि मुलं पळत सुटतात. शर्यत सुरू करून देणं, एवढंच माझं काम. तुमच्या शाळेच्या मैदानावर तुम्ही मला नाही तर माझ्या एखाद्या भावाला पाहिलं असेल. कानांत बोटंही घातली असतील.

माझी पहिली वीस वर्षं फुशारकीनं सांगण्याजोगी आहेत. पण मी फुशारकी मारायला बसलेलो नाही. माझ्यामुळे एका मुलीचं असं नुकसान झालं की ते आता कुणालाच भरून देता येणार नाही. ते मनातून जात नाही. म्हणून सांगतो.

माझा जन्म इथला नाही. दूर उत्तरेकडच्या एका शहरात खेळाचं सामान बनवणारी गल्ली आहे. तिच्या एका बाजूला बॅटी तासतात, दुसऱ्या बाजूला फुटबॉल शिवतात आणि मधल्या एका अंधाऱ्या खोलीत मी घडलो. माझ्या पोटात सहा घरांचं एक फिरतं चाक आहे. प्रत्येक घरात एक काडतूस बसतं. त्यात नुसती दारू असते. चाप ओढला की चाक एक घर पुढे सरकतं, मागचा घोडा वर उचलला जातो आणि काडतुसाच्या बुडावर आपटतो. मग बार उडतो.

मला घडवणारा म्हातारा कारागीर मोठा खडूस होता. तो प्रत्येक घरात वरून काडतूस सोडून पाहायचा. ते आपल्या वजनानं खाली जाऊन काठाला टेकलं तर ठीक. अंगठ्यानं ढकलावं लागलं तर त्याची कानस पुन्हा सुरू. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता कळतं की तो का एवढा अडून बसायचा. काडतूस काठापर्यंत बसलं नसेल तर घोड्याचा मार त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. घोडा पडतो, ‘कट्’ असा बारीक आवाज होतो आणि बार काही उडत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. माझी सगळी कहाणी त्या ‘कट्’पाशीच येऊन थांबते.

तर असा मी एका लाकडी पेटीतून जालना जिल्ह्यात आलो. कुंभार पिंपळगावच्या पलीकडे, कपाशी आणि मोसंबीच्या रानांमध्ये एक गाव आहे. तिथल्या शाळेत तातेराव सर खेळ शिकवत. उंची बेताची आणि आवाज मात्र सगळ्या गावाला पुरेल एवढा. त्यांनी मला हातात घेतलं, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “हे आपलं. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई.” मला बरं वाटलं. आपल्याला कुणीतरी ‘आपलं’ म्हणावं, ही हौस लोखंडालाही असते.

सरांनी मला नुसतं आपलं म्हटलं नाही, तसं सांभाळलंही. शर्यती संपल्या की ते शाळेच्या ओट्यावर जुना पेपर पसरत. माझं चाक बाहेर काढत. बार झाला की दारूची काळी राख मागे राहते आणि ती घरांच्या भिंतींना धरून बसते. सर कापलेल्या जुन्या टूथब्रशनं एकेक घर घासत. मग काडीला चिंधी गुंडाळून तेलाचा एक थेंब फिरवत, आणि लगेच कोरड्या चिंधीनं तो पुसूनही घेत. मुलं भोवती बसलेली असत. सर त्यांना सांगत, “तेल लावायचं ते पुसून घ्यायसाठी. राह्यलेलं तेल धूळ खातं.” शेवटी उडालेल्या काडतुसांची रिकामी टोपणं एकेका घरात सोडून पाहत. टिक्, टिक्, टिक्. सहाही खाली बसली की त्यांच्या मिशीत हसू यायचं.

हे तेल रामकिसन द्यायचे. फाट्यावर त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळत बसणारा तो शांत माणूस. बोलणं मोजकं, पण यंत्राची नस त्यांना बरोबर कळायची. “सर, हे बारीक तेल हाय. खोबरेल घालू नका, गोडं तेल घालू नका,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, आणि सरांनी ते कितीतरी वर्षं पाळलंही.

अशी अठरा वर्षं गेली. तालुक्यात कुठंही शर्यती असल्या की निरोप यायचा, तातेराव सरांना बोलवा. गावोगावची मैदानं मी पाहिली. फक्कीच्या पांढऱ्या रेघांवर वाकलेल्या कितीतरी पाठी पाहिल्या. शंभर मीटरवर घड्याळं घेऊन उभे असलेले शिक्षक आवाजावर नाही, माझ्या धुरावर डोळा ठेवून घड्याळ दाबतात. म्हणजे सगळ्या मैदानाची नजर माझ्यावर. मी कधी दगा दिला नाही. लोक म्हणायला लागले, एक वेळ घड्याळ चुकेल, तातेराव सरांचं रिव्हॉल्व्हर चुकणार नाही. हे ऐकून सर फुलायचे. खोटं कशाला बोलू, मीही फुलायचो.

मग ज्योत्स्ना आली. रामकिसनची मुलगी, तेव्हा सहावीत होती. पळण्यात तिच्याहून चपळ एखादी असेलही, पण रेघेवरून सुटण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. सरांनी ते पहिल्या आठवड्यातच हेरलं. शनिवारची शाळा सुटली की दोघं मैदानावर आणि मी सरांच्या हातात.

इथं सरांची एक रीत सांगायला हवी. काडतुसांची पेटी लांबून मागवावी लागे आणि ती वेळेवर आली तर नवलच. म्हणून सराव करताना सर मला रिकामाच वापरत. रिकाम्या घरावर घोडा पडला की नुसतं ‘कट्’ व्हायचं. त्या आवाजावर ज्योत्स्नानं सुटायचं.

“बाकीच्या पोरी बार ऐकून पळतात,” सर तिला म्हणायचे. “तू घोडा पडला की पळ. कट् म्हणजेच बार. बराबर ध्यानात ठेव.”

“हौ सर,” ती म्हणायची.

दोन वर्षं, दर शनिवारी, पन्नास पन्नास वेळा. कट्, की ती गेलीच. माझा तो बारीक आवाज तिच्या पायांत जाऊन बसला होता. भर मैदानात, गोंगाटातसुद्धा, तो तिला ऐकू यायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. सगळं जग माझा बार ऐकतं, ही एकटी माझा घोडा ऐकते.

तिला जायचं होतं क्रीडा वसतिगृहात. तिथं राहणं, जेवण, शाळा आणि पळणं, सगळं एकाच जागी. पण चौदा वर्षांच्या आतल्याच मुलींना घेत, आणि तालुक्यात पहिल्या दोन आलेल्यांचीच नावं तिथल्या चाचणीला जात. आठवीत गेली तेव्हा ज्योत्स्नाला चौदा पूर्ण व्हायला फक्त काही महिने उरले होते. म्हणजे ती एकच शर्यत. पुढच्या वर्षी कितीही जोरात पळाली तरी वय निघून गेलेलं असणार. रामकिसन सरांना एकदाच म्हणाले होते, “सर, माझी पोरगी तुमच्या हवाली हाय.” त्यावर सर हसून म्हणाले, “तिचं नाव गेलंच समजा.”

नेमकं त्याच वर्षी माझ्या नशिबानं पलटी खाल्ली. पावसाळा संपता संपता तालुक्याच्या शिक्षकांनी सरांचा सत्कार केला. वीस वर्षांत एकही शर्यत न चुकवणारा माणूस म्हणून शाल दिली, नारळ दिला, भाषणं केली. लोकांनी सरांना असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते बराच काळ खाली उतरलेच नाहीत. आणि मला काय मिळालं? मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात लाल मखमलीची गादी. आलेल्या पाहुण्याला माझं दर्शन घडवू लागले. ओटा गेला, पेपर गेला, टूथब्रश गेला. एवढ्या मानाच्या वस्तूला टूथब्रशनं घासणं आता सरांना कमीपणाचं वाटत असावं.

मग खंडेनवमी आली. शाळेत त्या दिवशी घंटा, कुदळी, फावडी, सगळ्यांची पूजा होते. दरवर्षी मला कुंकवाचं एक बोट लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी सर ते पुसून टाकायचे. या वर्षी मात्र मला मधोमध पाटावर बसवलं. माझं चाक बाहेर काढून ठेवलं, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. सरांनी वाटीभर खोबरेल तेल घेऊन मला स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं. हळद वाहिली. कुंकू तर मुठीनं वाहिलं. वर झेंडूच्या पाकळ्या. तेल सहाही घरांत उतरलं आणि त्यामागून कुंकूही उतरलं.

शाळेची पाण्याची मोटार बघायला रामकिसन त्या दिवशी आले होते. त्यांनी दारातूनच मला पाहिलं आणि आत आले.

“सर, एवढं कुंकू कशाला? आतमंदी गेलं असंल.”

“पूजा हाय रामकिसन. आज न्हाई तर कधी?”

“पूजेला माझी ना न्हाई. पण खोबरेल थंडीत थिजून बसतंय. उद्या खोलून पुसून घ्या. मशीनला काय, पुसलं की त्याचा मान झाला.”

“वीस वर्षं झाली, काय झालं का ह्याला?” सर हसले. “तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी.”

रामकिसनच्या घरी असलं काही करत नसत, हे गावाला माहीत होतं. ज्या घरात देवाची तसबीर नाही आणि हत्यारांची पूजा नाही, त्या घरातल्या माणसानं असल्या वेळी जास्त बोलू नये, हे त्यांना ठाऊक होतं. ते मोटार बघायला निघून गेले. आणि एवढा शहाणा सल्ला शाळेच्या दारातूनच परत गेला.

दुसऱ्या दिवशी मला कुणी पुसलं नाही. एवढ्या थाटाची पूजा लगेच कशी पुसायची म्हणून तो दिवस गेला. तिसऱ्या दिवशी राहूनच गेलं. पुढे तर कुणाला आठवलंही नाही. मी मखमलीवर डाव्या कुशीवर पडून होतो. घरांतलं तेल हळूहळू खालच्या बाजूच्या घरांत साचलं. त्यात कुंकू होतं, जुनी राख होती. जशी थंडी वाढली तसा त्याचा लगदा झाला, आणि मग तो थिजला. बाहेरून मी चकचकीत दिसत होतो. आतून माझी दोन-तीन घरं बुजत चालली होती.

तुम्ही विचाराल, शनिवारी सराव होता ना, मग सरांना कळलं कसं नाही? तिथंच तर सगळं फसलं. सरावाला मी रिकामाच असायचो. काडतूस घालायचंच नाही, तर ते नीट बसतं की नाही हे कळणार कसं? रिकाम्या घरावर घोडा पडायचा, कट् व्हायचं, ज्योत्स्ना पळायची. सगळं नेहमीसारखं. सर खूश, ती खूश. माझा जीव मात्र खालीवर होत होता. मला एकच शब्द बोलता येतो, आणि तोही काडतूस घातल्यावर.

डिसेंबरात तालुक्याच्या शर्यती भरल्या. सकाळ कडक थंडीची होती. सरांनी मंडपात उभं राहून मला भरलं. तीन काडतुसं आपणहून खाली गेली. पुढची अर्ध्यावर अडली. सरांनी ती अंगठ्यानं दाबली. “थंडीनं जरा घट्ट झालंय,” असं स्वतःशीच म्हणाले. माझं चाक बंद केलं आणि मैदानावर आले. त्या अंगठ्यापाशीच ते थांबले असते तर! म्हाताऱ्या कारागिरानं तिथं काम थांबवलं असतं.

मुख्य पंच होते सोमेश्वर सर. लाऊडस्पीकरवरून ते सांगत होते, “शर्यत सोडायला आपल्या तालुक्याचे मानाचे तातेराव सर आहेत. यांचं रिव्हॉल्व्हर आजवर कधी चुकलेलं नाही.” टाळ्या पडल्या. मुलांच्या तीन शर्यती झाल्या. तीनही वेळा माझा बार खणखणीत उडाला. चौथी शर्यत चौदा वर्षांखालच्या मुलींची, शंभर मीटर. चौथ्या रेघेत ज्योत्स्ना होती. दोराच्या पलीकडे रामकिसन दुकान बंद ठेवून उभे होते.

“ऑन युवर मार्क,” सर ओरडले. सहा मुली खाली वाकल्या.

“सेट.”

सरांनी चाप ओढला. चाक सरकलं. घोडा पडला. काडतूस काठापासून तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर होतं. घोड्याचा सगळा मार त्याला आत रेटण्यातच गेला.

कट्.

बार उडाला नाही. धूर निघाला नाही. पाच मुली जागच्या जागी वाकून राहिल्या, कारण त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. आणि ज्योत्स्ना सुटली. तिला जसं शिकवलं होतं तशीच सुटली. शिट्ट्या वाजल्या, पंच हात हलवत ओरडले, पण तिला वाटलं लोक तिच्याच नावानं ओरडताहेत. ती शेवटपर्यंत पळाली. छातीनं दोरी तोडली, दोन्ही हात वर केले आणि मागे वळून पाहिलं. तिच्यामागे कुणीच नव्हतं. मित्रांनो, तिचे ते वर गेलेले हात हळूहळू खाली आले, ते मी शंभर मीटरवरून पाहिलं.

बाराआधी जी सुटेल ती बाद, असा नियम. पण काडतूस फुसकं निघालं तर कुणाचाच दोष धरत नाहीत, सगळ्यांना पुन्हा सोडतात, हाही नियमच. सोमेश्वर सर धावत आले.

“तातेराव सर, चाप ओढला व्हता का? काडतूस फुसकं गेलं असंल तर सांगा. पुन्हा सोडू सगळ्यांना.”

एवढं सोपं होतं. “हो” म्हणायचं होतं. एकच अक्षर. सरांच्या तळहाताला घाम सुटला होता, तो मला कळत होता. तेवढ्यात दुसऱ्या शाळेचे कुणीतरी मागून ओरडले, “स्वतःच्या शाळेची पोरगी हाय म्हणून सांभाळून घ्या आता!” वर लाऊडस्पीकरचं ते वाक्य अजून सगळ्यांच्या कानांत होतं, कधी चुकलेलं नाही म्हणून.

“न्हाई,” तातेराव सर म्हणाले. “मी अजून चाप ओढला न्हवता.”

ज्योत्स्ना धापा टाकत परत आली होती. “सर, कट् आवाज आल्ता,” ती म्हणाली. “तुमीच सांगितलं व्हतं, कट् म्हणजेच बार.”

“भास झाला असंल तुला. बाजूला हो.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग बाजूला झाली. शर्यत पाच मुलींची झाली, आणि पुढच्या घरातलं काडतूस नशिबानं उडालं. माझा तो बार मला शिवीसारखा वाटला. रामकिसन दोराखालून आत आले आणि मुलीला घेऊन गेले.

दुपारी मंडपामागे सरांनी माझं चाक काढलं. चौथं काडतूस निघता निघेना. नखानं उकरून काढलं तेव्हा त्याच्याबरोबर लालसर मेणासारखा गोळा आला. सरांनी तो बोटांवर चोळला, वास घेतला. खोबरेल आणि कुंकू. काडतुसाच्या बुडावर घोड्याची उथळ खूण होती. ती खूण म्हणजे ज्योत्स्नाचा साक्षीदार होता. सरांनी ते काडतूस खिशात घातलं आणि मूग गिळून बसले.

आठ दिवस बसले. शाळेत येत, जात, ज्योत्स्नाच्या वर्गावरून जायचं टाळत. नवव्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून ते फाट्यावर गेले. रामकिसन तारा गुंडाळत होते. सरांनी मला आणि ते काडतूस फळीवर ठेवलं. रामकिसननी काडतूस उचललं, उजेडात धरून फिरवलं.

“घोडा पडल्ता, सर.”

“हौ.”

“म्हणजे पोरगी खरं बोलून राह्यली व्हती.”

“हौ, रामकिसन.”

रामकिसननी काडतूस फळीवर परत ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस मला उचलून रस्त्यावर भिरकावणार. तसं केलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. पण त्यांनी हात पुसले, रॉकेलमध्ये चिंधी भिजवली आणि मला साफ करायला घेतलं. एकेक घर. लाल, काळं, पिवळं, काय काय निघालं त्यातून. शेवटी रिकामी टोपणं सोडून पाहिली. टिक्, टिक्, सहाही वेळा. मग मला सरांसमोर सरकवून ते म्हणाले, “मशीन झालं. पण हे मला कशाला सांगून राह्यले? पोरीला सांगा. आन ज्याहिच्याजवळ खोटं बोलले त्याहिला जाऊन सांगा. जल्दी जा.”

सर त्याच पावली सोमेश्वर सरांकडे गेले. सगळं सांगितलं, तसं लिहूनही दिलं. सोमेश्वर सरांनी कागद वाचला आणि डोक्याला हात लावला.

“अहो, वसतिगृहाची चाचणी परवाच्या रविवारी झाली. चार दिवस आधी आले असते तं मी स्वतः तिचं नाव घालून तिला घेऊन गेलो असतो. यादी माझ्याच हातात व्हती. आता काय करू मी?”

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. माझ्या घरांत थिजलेलं तेल तरी रॉकेलनं निघालं. सरांच्या घशात आठ दिवस थिजून राहिलेला तो एक ‘हो’ निघाला तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता. दोष दोघांचाही होता. मी उडालो नाही आणि ते बोलले नाहीत. पण माझं न उडणं त्यांना एका शब्दात निस्तरता आलं असतं. हे मी रागानं म्हणत नाही. ज्या माणसानं मला वीस वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं त्याच्याबद्दल हे म्हणावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला सर सगळ्या शाळेपुढे उभे राहिले. तो गावाला पुरणारा आवाज त्या दिवशी पहिल्या रांगेपर्यंतही धड पोचत नव्हता. “ज्योत्स्नाची चूक न्हवती,” ते म्हणाले. “माझ्या रिव्हॉल्व्हरात घाण व्हती. मी ते पुसलं न्हवतं. चाप मी ओढल्ता आन मी खोटं बोललो.” ज्योत्स्ना आठवीच्या रांगेत उभी होती. सर तिच्यापाशी जाऊन म्हणाले, “बाई, मला माफ कर.”

ती रडली नाही, चिडलीही नाही. खाली बघत म्हणाली, “सर, हे तुमी मैदानावर म्हणायला पाह्यजे व्हतं.”

तेव्हापासून मी पुन्हा ओट्यावर आलो आहे. काचेच्या कपाटातली माझी जागा सरांनी रिकामी करून टाकली. आता खंडेनवमीला ते मला पुसतात आणि रामकिसनचं बारीक तेल एक थेंब लावून पुन्हा पुसतात, तीच माझी पूजा. घोड्याच्या नुसत्या आवाजावर ते आता कुणालाही पळायला शिकवत नाहीत. काडतूस घरात सोडलं की आपल्या वजनानं खाली बसतं. माझ्यात आता काडीचा दोष नाही. पण मी असा त्या एका सकाळी असायला हवा होतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल जिच्यावर दुसऱ्या कुणाचा भरवसा आहे. सायकलचा ब्रेक असेल, विहिरीचा दोर असेल. तिला हार घालू नका असं मी म्हणत नाही. पण हार घालण्याआधी तिला आतून पुसा. तिनं वीस वर्षं दगा दिला नाही म्हणून ती आजही देणार नाही, असं समजू नका. आणि कधी चुकलंच, तर तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, तोंड उघडा. राख बसली तर ब्रशनं निघते. न बोललेल्या शब्दासाठी ब्रश मिळत नाही.

यंदा जानेवारीत शाळेच्या शर्यती झाल्या. ज्योत्स्ना आता नववीत आहे. सरांनी तिला आग्रह केला नव्हता, ती आपणहून रेघेवर आली. त्यांनी मला वर धरलं, “सेट” म्हणाले आणि चाप ओढला. मुली सुटल्या. ज्योत्स्ना सुटली नाही. तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. सगळ्या गेल्या आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग पळाली. ती चौथी आली.

माझा बार त्या दिवशी अगदी बराबर उडाला होता.